एका आवर्तनात मावेल ते

यवतमाळ जिल्ह्यात वणी, पुसद, दारव्हा या बाजूला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणारा माणूस 'टोन' विकत घेतो. की-बोर्डचा खर्च एकदाच होतो, टोनचा काही केल्या संपत नाही. रोलँडच्या एक्सपीएस-१० सारख्या की-बोर्डमध्ये बाहेरून ध्वनी भरता येतो, म्हणून सनई, बासरी, तुणतुणं, संबळ हे सगळं पेनड्राइव्हवर येतं. मोठ्या शहरातल्या कुणीतरी ते भरून दिलेलं असतं. यामाहाने तर 'इंडियन' की-बोर्डांची वेगळी मालिकाच बाजारात आणली. वरातीत गाणं कोणतंही असो, मधल्या तुकड्यात सनई आली की नवरदेवाकडची मंडळी खूश. टोन भरून घेण्यात पैसे जातात ते त्यासाठी.

टोनच्या याद्या मी बऱ्याच चाळल्या आहेत. सतार असते, सारंगी असते, 'फोक फिडल' नावाचं काहीतरी कुठलंही नसलेलं असतं. किंगरी मात्र मला अजून एकाही यादीत दिसलेली नाही. ओळखीचा एक की-बोर्डवाला त्यावर म्हणाला, "काहून राहीन भाऊ? इचारते कोन तिला?"

किंगरी हे परधानांचं वाद्य. लाकूड कोरून केलेली कोठी, तिच्यावर कातडं, तीन तारा आणि वाजवायला गज. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत गोंड आणि कोलामांची वस्ती मोठी आहे, आणि गोंडांच्या सोबतीने परधानही आहेत. गोंडांच्या कुळकथा सांगण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या परधानांकडे. कोणतं कुळ कुठून आलं, त्याचा देव कोणता, तो कसा सापडला, हे सगळं किंगरीवर गाऊन सांगायचं आणि यजमान कुळाने त्याचं मानधन द्यायचं, अशी ती व्यवस्था. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादेत १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ या कथा टिपत होता. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असलेले सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकून तिचं व्याकरण लिहून गेले. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं, पण दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यातली दंडार दोन्हीकडे नाचते. मोरपिसांचा टोप घालणाऱ्या घुसाडी नर्तकांचे गुरू कनका राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ते तेलंगणातल्या मार्लावाईचे. नाच मंचावर आला, त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. किंगरीला मंच कमीच मिळाला, कारण तिची कथा रात्रभर चालते आणि ती ऐकायला बसून राहावं लागतं.

ही किंगरी संगणकातल्या सिंथेसायझरमध्ये घालता येते का, या प्रश्नापासून या लेखाची सुरुवात झाली. घालता येते, आणि तीही फुकट. पण तिचं काय आत जातं आणि काय बाहेर राहतं, याचा हिशेब मांडायला हवा.

आधी एक फरक स्पष्ट करू. पेनड्राइव्हवरचे टोन बहुतेक 'सॅम्पल' असतात, म्हणजे खऱ्या वाद्याची काही सेकंदांची ध्वनिमुद्रणं. कळ दाबली की मुद्रण वाजतं. वेव्हफॉर्मची गोष्ट निराळी. कोणताही स्थिर सूर म्हणजे हवेच्या दाबाचा एकच आकार पुन्हापुन्हा येणं. सूर २०० हर्ट्झचा असेल तर तो आकार सेकंदाला २०० वेळा येतो, म्हणजे एक आवर्तन पाच मिलिसेकंदांत संपतं. तेवढं एकच आवर्तन कापून घ्यायचं आणि यंत्राला सांगायचं, हे फिरवत राहा. जलद फिरवलं की सूर चढतो, सावकाश फिरवलं की उतरतो. आकार तोच, म्हणून रंगही तोच. १८२२ साली जोसेफ फूरिएने उष्णतेवरच्या ग्रंथात दाखवलेलं गणित इथे कामी येतं. असा कोणताही आवर्ती आकार मूळ सूर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर यांच्या बेरजेतून उभा राहतो. कोणता उपस्वर किती जोरात, यावरून सनई कोणती आणि बासरी कोणती हे कान ओळखतो. हेल्महोल्ट्झने १८६३ च्या पुस्तकात ते सविस्तर मांडलं.

संगणकाने हे काम फार लवकर उचललं. बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूजने १९५७ साली आयबीएम ७०४ वर पहिली सतरा सेकंदांची धून वाजवली आणि त्यानंतरच्या आवृत्तीत लहरीचा आकार एका कोष्टकात आकड्यांनी भरून ठेवून तो वाचत राहण्याची युक्ती आणली. आजचा प्रत्येक वेव्हटेबल सिंथेसायझर त्याच युक्तीवर चालतो. आपल्याकडे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत संगीतकार डेव्हिड ट्युडरच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. त्या यंत्राची सगळी भिस्त साइन, त्रिकोण, करवत आणि चौकोन या मोजक्या आकारांवर होती. रंग घडवायचा तो त्यांतूनच छाटून. स्वतःचा आकार यंत्राला देण्याची सोय नंतर आली. सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांच्या फेअरलाइटवर १९७९ पासून पडद्यावर लाइट पेनने लहर काढता यायची. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाल्मने पीपीजी कंपनीच्या 'वेव्ह' यंत्रांत आकारांची रांग लावली आणि वाजवता वाजवता एका आकारातून दुसऱ्यात सरकण्याची सोय दिली. 'वेव्हटर्म' नावाचा जोड-संगणक घेतला तर ती रांग स्वतःची करता यायची. त्याची किंमत मात्र श्रीमंत बँडवाल्यांनाच झेपणारी. १९८७ साली पीपीजी बंद पडली.

आता तेच काम पुसदच्या एखाद्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर होतं. स्टीव्ह ड्यूडाचा सिरम हा सॉफ्टवेअर सिंथ २०१४ साली आला, तो विकत घ्यावा लागतो. मॅट टायटेलचा व्हायटल २०२० च्या नोव्हेंबरात आला आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. सर्ज हा क्लाएस योहान्सनने २०१८ साली मुक्त केला आणि आता अनेक जण मिळून तो सांभाळतात. डीजेंच्या घराघरांत असलेल्या एफएल स्टुडिओतला थ्री-एक्स-ऑस्क हा साधा सिंथसुद्धा बाहेरचं एक आवर्तन उचलतो, पण ही सोय वापरणारे डीजे मला फारसे भेटलेले नाहीत. सगळ्यांना तयार 'प्रिसेट' हवे असतात. ते मिळतातही, आणि मग यवतमाळची मिरवणूक आणि नाशिकची मिरवणूक डोळे मिटून ऐकली तर सारखीच वाटते.

किंगरीची लहर काढताना पहिली अडचण येते ती ध्वनिमुद्रणाची. मोबाइल आपल्या समजुतीने आवाज 'सुधारतो', म्हणजे कुजबुज वर आणतो आणि भरलेला सूर दाबतो. त्यामुळे आकार बिघडतो. हा हस्तक्षेप बंद करणारं एखादं रेकॉर्डिंग ॲप घ्यावं आणि डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये नोंदावं. आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. ऑडिओ म्हणून पाठवली की ती आवळली जाते आणि वरचे उपस्वर गळू शकतात. किंगरीचं किंगरीपण बरंचसं त्या वरच्या उपस्वरांतच असतं.

मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायची आणि लहर दिसेपर्यंत मोठी करत जायची. सेकंदाला ४८,००० नोंदी असतील तर २०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन २४० नोंदींचं. कापताना लहर शून्यरेषा जिथे वर जाताना ओलांडते तिथून सुरू करून पुढच्या तशाच जागी संपवायचं. दोन टोकं जुळली नाहीत तर फिरताना प्रत्येक फेऱ्याला एक टिचकी ऐकू येते. सेकंदाला २०० टिचक्या म्हणजे डासाची भुणभुण. ऑडॅसिटीत 'झेड' कळ दाबली की निवड आपोआप जवळच्या शून्यावर सरकते. प्रत्यक्षात सूर नेमका २०० चा कधीच नसतो, आवर्तन २४३.७ नोंदींचं वगैरे निघतं. म्हणून कापलेला तुकडा ताणून २०४८ नोंदींचा करायचा. सिरम आणि व्हायटल दोघांचीही चौकट तेवढीच आहे. आकार शून्यरेषेच्या वर किंवा खाली सरकलेला असेल तर तो मधोमध आणायचा. मग फाइल ओढून सिंथच्या खिडकीत सोडायची. झालं.

वाजवलं तर की-बोर्डवाला चमकला. किंगरी म्हणावी असं काहीतरी खरंच वाजत होतं. यात चमत्कार नाही. गजाने तार वाजते तेव्हा ती गजाला चिकटते, ओढली जाते आणि सुटते, पुन्हा चिकटते. हेल्महोल्ट्झने हे पाहून ठेवलं होतं, आणि त्यातून निघणारा आकार मुळात करवतीच्या दात्यासारखाच असतो. सिंथमधल्या 'स्ट्रिंग्ज'चे टोन करवत-लहरीवर उभे असतात ते याचमुळे. किंगरीच्या कातड्याने आणि लाकडाने त्या करवतीचे काही दाते बोथट केले, काही फुगवले. तेवढा फरक एका आवर्तनात मावतो.

किंगरी ज्यांची, त्या काकाजींना हेडफोन लावून ऐकवलं. बराच वेळ ऐकून त्यांनी हेडफोन काढला. "सूर बराबर हाय. पन गज कुठी पलटला ते समजतच नाही याच्यात."

याहून नेमकी टीका एखाद्या ध्वनिशास्त्रज्ञालाही जमली नसती. एका आवर्तनाला सुरुवात नाही, शेवट नाही, गजाची दिशा नाही. कळ दाबून ठेवा, सूर दिवसभर तसाच. गज पलटताना क्षणभर तार सैरभैर होते, चिकटणं आणि सुटणं यांची लय पुन्हा बसेपर्यंत खरखर उठते, आणि ऐकणाऱ्याला वाजवणाऱ्याचा हात जाणवतो तो तिथेच.

त्यावर उपाय पाल्मनेच देऊन ठेवला आहे, एकाऐवजी आकारांची रांग. सिरम आणि व्हायटलमध्ये एका टेबलात जास्तीत जास्त २५६ चौकटी बसतात. २५६ गुणिले २०४८ म्हणजे ५,२४,२८८ नोंदी. फाइल म्हणून सरळ वाजवल्या तर बारा सेकंदांच्या आत संपतील. गज टेकण्यापासून पलटेपर्यंतच्या सुरातून ठरावीक अंतराने आवर्तनं उचलून ओळीने लावायची आणि कळ दाबताच यंत्र पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीकडे चालत जाईल, असं एन्व्हलप लावायचं. व्हायटलमध्ये लांब मुद्रण ओढलं की ते कसं चिरायचं याचे पर्याय तो स्वतःच समोर ठेवतो. पण शेजारच्या दोन चौकटींची फेज, म्हणजे उपस्वरांची आवर्तनात सुरू होण्याची जागा, जुळली नसेल तर एकातून दुसरीत जाताना उपस्वर एकमेकांना खातात आणि मध्येच आवाज पोकळ होतो. सिरमच्या मेन्यूत सगळ्या चौकटींची फेज एका ओळीत आणण्याची सोय आहे. हाताने टेबल बांधणाऱ्याने ती आधी वापरावी.

खरखर मात्र टेबलात बसत नाही. ती आवर्ती नाही, तिचा आकार पुन्हा येतच नाही. म्हणून ती वेगळी कापून व्हायटलच्या सॅम्पलच्या खणात टाकावी लागते आणि प्रत्येक नव्या सुराच्या सुरुवातीला पुसटशी सोडावी लागते.

आणखी एक फसवणूक वरच्या सुरात उघडी पडते. किंगरीची कोठी काही ठरावीक कंपनांना जास्त दाद देते आणि तार कुठेही दाबली तरी ही दाद तिथेच राहते. टेबल मात्र आकारालाच पिळून वर नेतं, त्यामुळे कोठीसुद्धा लहान होत जाते. वरच्या सप्तकात काकाजींची किंगरी खेळण्यातली वाटू लागते. यावर खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांची टेबलं वेगवेगळी करायची, किंवा रंग थोडा कमी करून पुढे कोठीच्या मापाचं स्थिर फिल्टर बसवायचं. मला पहिला मार्ग पटतो. त्याला मेहनत जास्त लागते, पण वाद्य निदान वाद्याच्या मापाचं राहतं.

वरच्या सुरांची एक काळजी यंत्र स्वतः घेतं. सेकंदाला ४४,१०० नोंदींवर चालणाऱ्या संगणकात २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. ११० हर्ट्झच्या सुराला २०० उपस्वरांची जागा आहे, ८८० च्या सुराला फक्त २५ ची. त्याहून जास्तीचे उपस्वर छाटले नाहीत तर ते दुमडून खाली येतात आणि बेसूर शिट्ट्या घालतात. म्हणून चांगला सिंथ जसा सूर चढेल तसे वरचे उपस्वर कापत जातो. स्वस्तातल्या जुन्या यंत्रांतली ती काचेवर खिळा ओढल्यासारखी किणकिण बरेचदा इथून येते.

सुरांच्या जागांचं काय, हा प्रश्न संगीताच्या लोकांनी विचारायलाच हवा. किंगरीला पडदे नाहीत, आणि परधानाचा गंधार की-बोर्डच्या गंधारावर बसेलच असं नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली ती याच अडचणीतून. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी सुतारकाम लागत नाही. सर्जला 'स्काला' पद्धतीची स्वरांच्या मोजमापांची फाइल दिली की प्रत्येक कळ सांगितलेल्या जागी वाजते. मूळ मुद्रणातले सूर मोजायचे आणि फाइलमध्ये लिहायचे, काम एवढंच. लहर आयात करणारे बहुतेक जण रंगावर थांबतात, सुरांच्या जागेपर्यंत येत नाहीत. माझ्या मते आधी जागा पाहावी. चुकीच्या गंधारावर वाजणारी अस्सल किंगरी जास्त परकी वाटते.

इथवर सगळं तारेचं झालं. आता खंजिरी घ्या.

तुकडोजी महाराजांच्या भजनामुळे खंजिरी विदर्भात घरोघरी आहे. तिची एक थाप मुद्रित केली, एक आवर्तन कापू म्हटलं, तर कापायला आवर्तनच सापडत नाही. ताणलेल्या गोल कातड्याची कंपनं पहिल्याच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ पट अशी वेडीवाकडी येतात. दुप्पट-तिप्पट हा हिशेब त्यांना लागू नाही, आणि त्यावर झांजांच्या चकत्यांची किणकिण. जबरदस्तीने तुकडा कापून फिरवला तर यंत्र त्याला उपस्वरांच्या शिडीवर चढवतं आणि खंजिरीचा भोंगा होतो. डफड्याचं तेच, दंडारीतल्या ढोलाचंही तेच.

तबल्याचं मात्र तसं होत नाही. हे ज्यांनी सिद्ध केलं ते चंद्रशेखर व्यंकट रामन अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० साली नागपूरला बदलून आले होते. पुढे कलकत्त्याला त्यांनी १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारेवर मोठा प्रबंध लिहिला, १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं, आणि १९२० साली शिवकाली कुमारांबरोबर 'नेचर'मध्ये तबला-मृदंगाविषयी. कातड्याच्या मधली शाई त्या वेड्यावाकड्या कंपनांना ओढून एक, दोन, तीन, चार, पाच अशा ओळीत बसवते. १९३४ साली त्यांनी ते विस्ताराने मांडलं. शाई लावण्याची युक्ती ज्या कारागिरांनी काढली त्यांनी फूरिए वाचला नव्हता. रामन यांच्या अभ्यासाचे हे विषय एका रांगेत ठेवले की कोणतं वाद्य वेव्हटेबलमध्ये जाईल आणि कोणतं नाही याची यादी आयतीच तयार मिळते. किंगरी, एकतारी, तंबोरा, सनई आत. तबला-पखवाज उंबऱ्यावर. खंजिरी, डफडं, घुंगरू बाहेर.

बाहेरच्यांना सॅम्पलच्या खणात टाकता येतं, किंवा प्रत्येक कंपनासाठी वेगळा ऑसिलेटर लावून त्याचा विझण्याचा वेग वेगळा ठेवता येतो. हा दुसरा मार्ग मी करून पाहिला. सहा कंपनांवरच थाप बऱ्यापैकी कातड्याची वाटू लागते. पण बोटाने कातडं दाबत खंजिरीचा आवाज वर चढवण्याची जी खुबी भजनातला माणूस सहज करतो, तिला सहाही पट एकदम बदलत न्यावे लागतात. ते अजून मनासारखं साधलेलं नाही.

यवतमाळातले काही आवाज कोणत्याच खणात टाकण्याजोगे उरलेले नाहीत. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ साली गेलं. त्याची शिट्टी लहर काढण्यासाठी उत्तम ठरली असती, पण तेव्हा कुणाकडे नीट रेकॉर्डर होता?

राहिला हक्काचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क आले. काकाजींच्या रात्रभराच्या कथेला ते लागू होतील. पाच मिलिसेकंदांच्या एका आवर्तनावर कुणी दावा सांगेल असं मला वाटत नाही, आणि कायदा नाही म्हणून मोकळं रान आहे असंही वाटत नाही. टोनच्या बाजारात फाइलला 'ट्रायबल फिडल ०३' असं नाव देऊन ती विकली जाते. आमच्या फाइलच्या नावात 'किंगरी' आणि 'परधान' हे दोन्ही शब्द आहेत. टेबल उघडणाऱ्याला ते वाचावेच लागतात.

विचारल्यावर काकाजींनी पैशांची गोष्ट काढलीच नाही. त्यांची अट निराळी निघाली. आधी एका कुळाची कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुद्रित करून द्यायची, मध्ये न थांबवता, आणि ती नातवाच्या मोबाइलमध्ये घालून द्यायची. मग लागतील तेवढे सूर काढा. की-बोर्डवाल्याने होकार दिला आणि लगेच विचारलं, "काकाजी, किती वेळ चालते ते?"

"जेवून ये रातच्याले," ते म्हणाले. "चार्जर घेऊन येजो."